नाना फडणवीस : सत्ता, अधिकार आणि अधिमान्यता

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
१) नाना फडणवीस यांच्या जीवनाचा कालानुक्रमे परिचय करून देता येईल.
२) सत्ता, अधिकार, अधिमान्यता आणि सार्वभौमत्व या संकल्पनांमधील फरक उदाहरणांसह सांगता येईल.
३) उत्तर पेशवाईतील राज्यकारभाराची रचना स्पष्ट करता येईल.
४) व्यक्तीवर अवलंबून असलेल्या राजवटीच्या मर्यादांची चिकित्सा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, राज्यकारभाराविषयी बोलताना आपण सत्ता आणि अधिकार हे शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरतो. राज्यशास्त्रात मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. दुसऱ्याकडून आपल्या इच्छेप्रमाणे वर्तन घडवून आणण्याची क्षमता म्हणजे सत्ता. ही क्षमता पदामुळे किंवा मान्य नियमामुळे एखाद्याकडे येते तेव्हा तिला अधिकार म्हणतात. तो अधिकार योग्य आहे, त्याचे पालन करणे हे आपले कर्तव्य आहे, असे शासितांना वाटणे म्हणजे अधिमान्यता. आणि ज्याच्यावर दुसऱ्या कोणाचा अधिकार चालत नाही असे राज्यातील सर्वोच्च स्थान म्हणजे सार्वभौमत्व.

आधुनिक राज्यात या चारही गोष्टी संविधानाच्या चौकटीत एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे वेगळेपण सहसा लक्षात येत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी राज्यात मात्र त्या चार वेगवेगळ्या ठिकाणी राहत होत्या. सार्वभौमत्व नावाने साताऱ्याच्या छत्रपतींकडे होते. अधिकाराची वस्त्रे पुण्याच्या पेशव्यांकडे होती. फौजेचे बळ शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड या सरदारांकडे होते. आणि राज्याची दैनंदिन सूत्रे सुमारे पाव शतक अशा एका गृहस्थाच्या हाती होती, जो राजा नव्हता, पेशवा नव्हता आणि सेनापतीही नव्हता. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस, यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

४.२ जीवनपट

४.२.१ घराणे आणि बालपण

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे निकटचे सहकारी. १७१९ च्या दिल्लीच्या मोहिमेत ते प्राणास मुकले. या सेवेमुळे भानू घराण्याकडे फडणिशीचे पद चालत राहिले. नानांचे वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते. वडिलांचे पद मुलाकडे आले आणि नानासाहेब पेशव्यांनी या मुलाच्या शिक्षणाची सोय आपल्या मुलांबरोबर केली.

पद वडिलांकडून मुलाकडे जाणे हे त्या काळी स्वाभाविक मानले जाई. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी अधिकाराचे तीन प्रकार सांगितले आहेत : परंपरेवर आधारलेला, व्यक्तीच्या असामान्य प्रभावावर आधारलेला आणि नियम व कायद्यावर आधारलेला. नानांना मिळालेला अधिकार पहिल्या प्रकारचा होता. पुढे त्यांनी जो विस्तार केला, त्याला मात्र वंशपरंपरा पुरेशी नव्हती.

४.२.२ पानिपत

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले तेव्हा नाना त्यांच्या लष्कराबरोबर होते. आई आणि पत्नीही बरोबर होत्या. तीर्थयात्रा घडावी हाही या प्रवासाचा एक हेतू होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्या वेळी नाना एकोणीस वर्षांचेही नव्हते. अंगावरची वस्त्रे टाकून, पायी चालत, उपाशीपोटी ते रणक्षेत्रातून निसटले. पत्नी वाचली. आई मात्र परतली नाही.

या काळाचा वृत्तांत नानांनी स्वतः लिहून ठेवला आहे. मराठी भाषेतील आरंभीच्या आत्मचरित्रपर लेखनात त्याची गणना होते, म्हणून मराठीच्या विद्यार्थ्याला तो विशेष महत्त्वाचा आहे. त्यात बालपणापासून पानिपतापर्यंतच्या आठवणी आहेत. पराक्रमाचा आव नाही. स्वतःच्या मनाची दुर्बलता, विषयासक्ती, भीती आणि ईश्वरावरील भार यांची मोकळी नोंद आहे. पुढे राज्यातील प्रत्येक गुपित जपणाऱ्या या पुरुषाने तरुणपणी स्वतःविषयी इतके उघडपणे लिहावे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

४.२.३ फडणिशी : कागदाची सत्ता

पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, नानासाहेब पेशवे निधन पावले. सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. त्यांच्या कारकिर्दीत नानांनी फडणिशीचा कारभार आत्मसात केला.

फर्द म्हणजे नोंदीचा किंवा हिशेबाचा कागद आणि नवीस म्हणजे लिहिणारा, अशी फडणवीस या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. जमाखर्चाचे अंदाज बांधणे, महालांचे हिशेब तपासणे, सनदा आणि आज्ञापत्रे यांची नोंद ठेवणे ही या पदाची कामे. वरवर पाहता हे कारकुनी काम आहे. परंतु कोणत्या सरदाराकडे किती सरंजाम आहे, त्याने किती फौज ठेवायला हवी आणि तो प्रत्यक्षात किती ठेवतो, कोणाकडे किती बाकी आहे, कोणते वतन कोणत्या सनदेने मिळाले, हे सर्व ज्याच्या दफ्तरात आहे त्याला वळसा घालून कोणताही निर्णय होऊ शकत नाही. माहितीवरील नियंत्रण हे सत्तेचे एक प्रमुख साधन आहे, हा आधुनिक प्रशासनशास्त्रातील सिद्धान्त पुण्याच्या दफ्तरात प्रत्यक्ष दिसतो.

नानांनी या साधनाला बातमीदारीची जोड दिली. दरबारोदरबारी असलेले वकील, अखबारनवीस आणि जासूद यांच्याकडून त्यांच्याकडे सतत पत्रे येत. वाईजवळच्या मेणवली येथे कृष्णाकाठी त्यांनी वाडा आणि घाट बांधला. त्या वाड्यातील कागदपत्रे मेणवली दफ्तर म्हणून इतिहाससंशोधकांच्या उपयोगी पडली.

४.२.४ नारायणरावांचा खून आणि बारभाई

माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच गारद्यांनी त्यांचा खून केला. संशय चुलते रघुनाथराव यांच्यावर होता आणि पेशवेपदाची वस्त्रेही त्यांनीच मिळवली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले.

येथे अधिकार आणि अधिमान्यता यांतील अंतर स्पष्ट होते. रघुनाथरावांजवळ वस्त्रे होती, म्हणजे औपचारिक अधिकार होता. ते पेशवे घराण्यातील ज्येष्ठ पुरुष होते आणि अनुभवी सेनानी होते. तरीही त्यांची आज्ञा पाळणे योग्य आहे, ही भावना कारभारी वर्गात उरली नाही. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, नानांचे चुलतबंधू मोरोबा आदींनी एकत्र येऊन त्यांना पदच्युत करण्याचे ठरवले. हेच बारभाईंचे कारस्थान होय.

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदर किल्ल्यावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी गंगाबाईंना पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या या बालकासाठी साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे आणण्यात आली.

वस्त्रांच्या या घटनेकडे बारकाईने पाहा. छत्रपतींकडे तेव्हा फौज नव्हती आणि खजिनाही नव्हता. बारभाई त्यांच्या संमतीवाचून कारभार चालवू शकत होते आणि चालवतही होते. तरीही वस्त्रांवाचून त्यांचे भागले नाही. केवळ बळाने मिळवलेली सत्ता बळानेच टिकवावी लागते आणि ते फार खर्चाचे असते. लोकांनी आपण होऊन आज्ञा पाळावी, यासाठी मान्य उगमाचा शिक्का लागतो. पाळण्यातल्या पेशव्याला तो शिक्का साताऱ्याने दिला.

४.२.५ मंडळाकडून एका व्यक्तीकडे

बारभाई हे आरंभी सामूहिक नेतृत्व होते. अशा मंडळाचे निर्णय कसे व्हावेत, मतभेद कोणी मिटवावेत, याचे कोणतेही नियम नव्हते. त्रिंबकराव पेठे १७७४ मध्येच रघुनाथरावांशी झालेल्या लढाईत कामी आले. १७७८ मध्ये मोरोबांनी रघुनाथरावांच्या बाजूने उठाव केला. तो मोडून नानांनी त्यांना कैदेत टाकले. पुढच्या वर्षी वयोवृद्ध सखारामबापूही कैद झाले आणि कैदेतच वारले. पाचसहा वर्षांत मंडळ संपले आणि नाना हेच मुख्य कारभारी उरले. महादजी शिंदे यांचे लष्करी बळ त्यांच्या पाठीशी होते. नियमांवाचून उभे राहिलेले सामूहिक नेतृत्व बहुधा सर्वांत सावध आणि सर्वांत चिकाटीच्या माणसाच्या हाती एकवटते, असे येथे दिसते.

४.२.६ इंग्रजांशी संघर्ष

रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला. घरच्या वारसातंट्यात परकी सत्ता शिरली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा तह मान्य नव्हता. त्यांच्या प्रतिनिधीने १७७६ मध्ये पुरंदरास पुणे दरबाराशी वेगळा तह केला. तोही टिकला नाही. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी वडगावजवळ घेरून शरण आणले. त्यानंतर कलकत्त्याहून आलेल्या फौजांनी युद्ध पुढे चालवले, तेव्हा नानांनी १७८० मध्ये हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध मोठी आघाडी उभारली. निजाम आणि भोसले यांनी मनापासून साथ दिली नाही, तरी एकमेकांशी वैर असलेल्या सत्तांना समान शत्रूविरुद्ध एकत्र आणण्याची ही कल्पना सत्तासमतोलाच्या राजकारणाचा नमुना आहे.

१७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण त्यांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. हैदरअलीला एकटे पाडणारा हा तह नानांना रुचला नव्हता. त्यांनी त्याला मान्यता देण्यास कित्येक महिने विलंब लावला आणि हैदरअलीच्या मृत्यूनंतर, १७८३ च्या फेब्रुवारीत, ती दिली. या तहानंतर सुमारे वीस वर्षे इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध झाले नाही.

४.२.७ पुण्याचा कारभार आणि उत्तरदायित्व

नानांच्या काळात महसुलाच्या नोंदी काटेकोर राहिल्या आणि पुण्याची वस्ती व पेठा वाढल्या. मात्र या व्यवस्थेत रयतेला मत मांडण्याचा मान्य मार्ग नव्हता. कारभार थोड्या उच्चवर्णीय घराण्यांच्या हाती होता आणि वरिष्ठाची मर्जी हाच कनिष्ठावरील अंकुश होता.

पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास हे याचे ठळक उदाहरण. शहराच्या बंदोबस्ताचे विस्तृत अधिकार त्याच्याकडे होते आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षे साचत गेल्या. १७९१ मध्ये त्याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेकजण गुदमरून मेले. शहर खवळले, जमावाने शिक्षेची मागणी लावून धरली आणि अखेर घाशीराम लोकांच्या हाती देण्यात आला. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. सुमारे दोन शतकांनंतर मराठी नाटककार विजय तेंडुलकर यांनी याच नावाभोवती घाशीराम कोतवाल हे नाटक रचले. नाटक हा इतिहास नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तथापि मूळ घटनेतून निघणारा प्रश्न राज्यशास्त्राचाच आहे. सोपवलेल्या अधिकाराचा गैरवापर झाला तर जबाबदार कोण, ज्याने केला तो की ज्याने सोपवला आणि तपासले नाही तो? तक्रारीची दाद लागण्याची वाट बंद असली की न्याय जमावाच्या हातात जातो आणि तो न्याय राहत नाही.

४.२.८ महादजी शिंदे : बुद्धी आणि बळ

महादजींनी उत्तरेत दिल्लीच्या बादशहाला आपल्या आश्रयाखाली आणले आणि पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हा किताब मिळवला. १७९२ मध्ये ते पुण्यास आले आणि समारंभपूर्वक तो किताब सवाई माधवरावांना अर्पण केला. या समारंभाला नानांचा विरोध होता. छत्रपतींच्या सेवकाने बादशहाची वस्त्रे स्वीकारावी का, हा त्यामागील तात्त्विक पेच होता. म्हणजे अधिमान्यतेचे दोन उगम समोरासमोर आले होते. व्यवहाराच्या पातळीवर मात्र तरुण पेशव्यावर प्रभाव कोणाचा आणि उत्तरेच्या मोहिमांचा हिशेब कोणाला द्यायचा, हा वाद होता. दोघांमध्ये समेट होत असतानाच १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडी येथे वारले. दोघांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास कधीच नव्हता, परंतु राज्य टिकवण्यासाठी दोघांची गरज आहे हे दोघेही जाणत होते.

४.२.९ उत्कर्ष आणि अखेर

मार्च १७९५ मध्ये खर्डा येथे निजामाचा पराभव झाला. बहुतेक सर्व मराठे सरदार पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आल्याचा हा शेवटचा प्रसंग. नानांच्या कारकिर्दीचा हा कळस होता. सात महिन्यांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. ते एकवीस वर्षांचे होते. नानांच्या कडक देखरेखीत वाढलेल्या या तरुणाच्या हाती कारभार कधीच आला नव्हता. त्यांना मूलबाळ नव्हते.

जिच्या नावाने नाना सत्ता चालवत होते ती व्यक्तीच गेल्यावर त्यांचे स्थान डळमळले. दत्तक घेण्याचा बेत फसला. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव आणि चिमाजी अप्पा यांच्याभोवती कारस्थाने सुरू झाली. नानांना पुणे सोडून महाडला जावे लागले. तेथे बसून पत्रे, वचने आणि पैसा यांच्या बळावर त्यांनी निजाम, भोसले, होळकर आणि दौलतराव शिंदे यांना पुन्हा जुळवून आणले. डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले आणि नाना कारभारी. ज्या रघुनाथरावांना दूर ठेवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्याच पुत्राला पेशवेपदी बसवण्याची पाळी त्यांच्यावर आली.

१७९७ च्या अखेरच्या दिवशी दौलतरावांच्या माणसांनी नानांना दगा देऊन कैद केले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. काही महिन्यांनी सुटका झाली, कारभारही परत मिळाला, पण पूर्वीची पकड परत आली नाही. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८१८ मध्ये पेशवाई संपली.

४.३ संकल्पनांच्या प्रकाशात चरित्र

नानांच्या सत्तेला तीन आधार होते : दफ्तरातील माहिती, पेशव्याच्या नावाची अधिमान्यता आणि सरदारांच्या परस्परस्पर्धेतून साधलेला समतोल. पहिला आधार अखेरपर्यंत टिकला. दुसरा १७९५ मध्ये गेला. तिसरा महादजींच्या मृत्यूनंतर कमकुवत झाला, कारण पुढच्या पिढीतील सरदारांना समतोल राखण्यात स्वारस्य नव्हते.

त्यांच्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की, त्यांनी राज्य सांभाळले पण राज्य सांभाळणारी संस्था उभी केली नाही. बारभाईंच्या मंडळाला त्यांनी नियमबद्ध रूप दिले नाही. तरुण पेशव्याला कारभारात तयार केले नाही. आपल्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर ठेवले नाही. त्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की, ज्या काळात मतभेद म्हणजे फितुरी आणि फितुरी म्हणजे परकी फौजेला निमंत्रण, त्या काळात सत्ता वाटून घेणे हा जुगार होता. मोरोबांचा उठाव त्यांनी पाहिला होता. या दोन्ही बाजूंचा विचार करून विद्यार्थ्याने आपले मत बनवावे.

आजच्या संसदीय शासनपद्धतीशी तुलना केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. भारतातही राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख आणि पंतप्रधान हे वास्तविक प्रमुख असा भेद आहे. परंतु हा भेद संविधानाने लिहून ठेवलेला आहे, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे आणि ठरावीक मुदतीने मतदार आपला कौल देतात. नामधारी आणि वास्तविक सत्ता यांचा भेद पेशवाईतही होता. तेथे जबाबदारीचे नियम नव्हते आणि सत्तांतराचा शांततामय मार्ग नव्हता. म्हणून एका मृत्यूने संपूर्ण रचना हादरली.

आपली प्रगती तपासा

अ) रिकाम्या जागा भरा.
१) सवाई माधवरावांचा जन्म ____ किल्ल्यावर झाला.
२) सालबाईचा तह ____ साली झाला.
३) नानांचे कागदपत्र ____ दफ्तर या नावाने ओळखले जातात.

आ) एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
१) अधिमान्यता म्हणजे काय?
२) बारभाईंना साताऱ्याच्या वस्त्रांची गरज का भासली?

४.४ सारांश

नाना फडणवीस यांनी वंशपरंपरेने मिळालेल्या हिशेबाच्या पदापासून आरंभ करून मराठी राज्याची सूत्रे हाती घेतली. पानिपतातून ते वाचले. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंच्या साहाय्याने त्यांनी अल्पवयीन पेशव्याच्या नावाने कारभार चालवला आणि इंग्रजांना दोन दशके थोपवून धरले. सत्ता, अधिकार, अधिमान्यता आणि सार्वभौमत्व एकाच हाती नसतानाही राज्य कसे चालते, आणि त्यांना जोडणारे नियम नसले तर ते कसे खिळखिळे होते, हे त्यांच्या चरित्रातून समजते.

४.५ पारिभाषिक शब्द

वस्त्रे : पदावर नेमणूक झाल्याची खूण म्हणून वरिष्ठाने दिलेला पोशाख.
सरंजाम : फौज ठेवण्यासाठी सरदाराला लावून दिलेला महसुली मुलूख.
कारभारी : राज्याचा किंवा संस्थानाचा कारभार पाहणारा प्रमुख अधिकारी.
अखबारनवीस : दरबारातील घडामोडींची बातमीपत्रे लिहून पाठवणारा.
सत्तासमतोल : कोणतीही एक सत्ता इतरांपेक्षा फार प्रबळ होऊ नये अशी रचना.

४.६ स्वाध्याय

१) नाना फडणवीस यांच्या सत्तेचे आधार कोणते होते ते सोदाहरण स्पष्ट करा.
२) नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्या संबंधांचे विवेचन करा.
३) घाशीराम कोतवालाच्या प्रकरणाच्या आधारे अधिकार आणि उत्तरदायित्व यांचा संबंध सांगा.
४) उपक्रम : तुमच्या गावची ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी किंवा तुम्ही काम करता ती संस्था घ्या. तेथे पदाने अधिकार कोणाकडे आहे, निर्णय प्रत्यक्षात कोण घेते आणि कागदपत्रे कोणाच्या ताब्यात असतात, याचे निरीक्षण करून व्यक्तींची नावे न देता एक पानाचे टिपण लिहा.